समास

म्हापशाच्या कोर्टामागे, दुसऱ्या जिन्यावर, माझं टेबल.
खाली शुक्रवारचा बाजार, सुक्या मिरच्यांचा ठसका;
वर मी आणि मेलेल्यांची पोर्तुगीज.
पानाला साडेतीनशे रुपये.

धंदा बाबांकडून आला.
चौदा माड, एक विहीर, पूर्वेला पायवाट,
पश्चिमेला कुणा विधवेचं कुंपण —
हे सगळं मी इंग्रजीत आणते,
म्हणजे दिल्लीच्या माणसाला विकत घेता येतं.
भाषेआधी बाबांनी एकच शिकवलं:
समास रुंद सोड, नलू.
वाळवी कडेपासून सुरू करते.

काल एक मुलगा आला.
देर्सियु न्यांतुंबु, गाव इन्यांबान, मोझांबिक.
इथे फार्मसी शिकतो.
जन्मदाखला पुढे केला. कॉलेजला इंग्रजीत हवाय, शिक्क्यासकट.
मी चष्मा पुसला.
वीस वर्षांत पहिल्यांदा
कागदातला माणूस टेबलापलीकडे उभा होता,
घामेजलेला, पाणी मागत.

मी त्याच्याशी बोलायला गेले.
आधी तो गप्प, मग हसतच सुटला.
"बाई, तुम्ही मृत्युपत्रासारख्या बोलता!"
खरंच होतं. मला "उपरोक्त" येतं, "निःसंतान" येतं,
"जेवलास का" म्हणायला अडखळते.

पंखा वीज जायच्या बेताने फिरत होता.
विचारलं, तुमच्याकडे आता इंग्रजीच येणार म्हणे?
म्हणाला, आलीय की, सीमेवरून, ट्रकवाल्यांच्या मागोमाग.
होस्टेलात नैरोबीचा वान्योन्यी आहे,
तो म्हणतो इंग्रजी आता आमची,
साहेबाला लागली तर विचारून न्यावी.
पण चिडला की स्वाहिलीत शिरतो,
आणि आईचा फोन आला की त्याहून आत,
जिथे मला दार नाही.

"आणि तू?"
"आई गितोंगात हाक मारते,
मी पोर्तुगीजमध्ये ओ देतो."
यावर मी काही बोलले नाही.
माझी लेक बंगळुरूहून "आई" एवढंच मराठीत लिहिते,
तेही रोमन अक्षरांत.

टाइप करता करता थांबले.
आईच्या नावापुढे: सही करता येत नाही.
तो वाकून म्हणाला, हे नका ना लिहू.
ती काजू विकते, घाऊक.
चाळीस बायकांचा हिशेब तोंडावर असतो तिच्या.
काजू. तो म्हणाला तसाच मला ऐकू आला,
मध्ये समुद्र नसल्यासारखा.
पण मी शपथ घेतलेली बाई:
मूळ बरहुकूम, कमी नाही, जास्त नाही.
लिहिलं. सही करता येत नाही.
कुठल्या भाषेत, ते मुळात नव्हतं.

शिक्का मारला. पैसे निम्मे घेतले,
कशाबद्दल, ते त्याने विचारलं नाही.
जिना उतरताना तो फोनवर कुणाशी बोलत होता,
मला एक शब्द लागला नाही, चाल तेवढी लागली:
आईशी बोलतानाची.

मग उगाच वाटत राहिलं,
शंभर वर्षांनी इन्यांबानमध्ये
कोर्टामागे, दुसऱ्या जिन्यावर
एक बाई असेल.
तिच्यापुढे येईल माझा हा इंग्रजी कागद.
ओळीखाली बोट धरून, कोश उघडून ती म्हणेल,
ही भाषा आता फारसं कुणी वाचत नाही हो,
पानाला इतके पडतील.

किंवा असलं काही होणार नाही.
इंग्रजी तिच्या घरात चुलीपाशी बसली असेल,
काजू सोलत, बोटं काळी करून,
तिथलीच होऊन, टोमणे मारत.
मला काय कळतंय. मला माड मोजता येतात.

कागद तर तो घेऊन गेला.
डावीकडे चार बोटं समास आहे, सवयीने सोडलेला.
वाळवीसाठी.
किंवा तिला पेन्सिलीने काही लिहायचं असेल तर.